कणसाला सुटलेला मध

ऑगस्ट सरत आलाय आणि तुम्ही बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, एका बाजरीच्या रानात उभे आहात. बाजरी पुरती निसवलीय. चार दिवस झड लागलीय. ऊन नाही, वारा नाही, ढग इतके खाली आलेत की समोरच्या डोंगराची कड दिसत नाही. पर्जन्यछायेतल्या या मुलखात पाऊस लागून राहिला तर माणसं खूश होतात, पण या रानाचा मालक खूश नाही. तो एका कणसावरून बोट फिरवतो आणि तुमच्यापुढे धरतो. बोटावर फिकट गुलाबी, चिकट थेंब आहे. "मध सुटलाय," तो म्हणतो. "आता ह्या कणसात दाना कुठला भरतोय!"

कृषी खात्याच्या पुस्तिकेत या रोगाला अरगट म्हणतात, गावात चिकटा. हा थेंब कुठून आला ते पाहायचं तर तुम्हाला पाच-सहा दिवस मागे जावं लागेल आणि खसखशीच्या दाण्याहून लहान व्हावं लागेल.

तेवढे लहान झालात. आता तुम्ही बाजरीच्या एका फुलाच्या तोंडाशी आहात. बाजरीच्या फुलात मादीचा भाग आधी बाहेर येतो; पांढऱ्या, केसाळ कुक्षी कणीसभर उगवतात आणि परागकोश त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दिसतात. मधल्या दिवसांत फूल उघडं असतं, शेजारच्या कणसावरून उडून येणाऱ्या परागाची वाट पाहत. कोरडी हवा असती तर आतापर्यंत पिवळी धूळ उडाली असती. झडीत ती धुऊन जाते. परागाऐवजी तुमच्या शेजारी पावसाच्या शिंतोड्यातून एक बीजाणू येऊन पडतो. त्याचं नाव क्लॅव्हिसेप्स फ्यूजिफॉर्मिस.

इथून पुढे सगळा खेळ काही तासांचा आहे. परागकण आधी पोहोचला असता तर त्याची नळी बीजांडापर्यंत उतरली असती आणि तिच्यामागे कुक्षी आवळून, सुकून गेली असती. मग बुरशीला आत जायला वाट उरली नसती. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेत थाकूर आणि विल्यम्स यांनी १९८० मध्ये हेच दाखवून दिलं: ज्या कणसांना वेळेवर पराग मिळतो, त्यांच्यावर अरगट फार कमी येतो. पण तुमच्या या फुलाला पराग मिळालेला नाही. बीजाणूला कोंब फुटतो, तंतू परागनळीच्याच वाटेने खाली उतरतो आणि जिथे दाणा धरायचा तिथे बुरशी ठाण मांडते. झाड मात्र बिचारं साखर पाठवतच राहतं. पाच-सहा दिवसांत ती साखर, लाखो नव्या बीजाणूंसह, फुलातून बाहेर पाझरू लागते. मालकाच्या बोटाला लागला तो हा मध. माश्या त्यावर बसतात, पाऊस तो शिंपडतो आणि शेजारच्या कणसालाही लागण होऊन जाते.

इथपर्यंत विष जवळजवळ नाहीच. बुरशी खातेय, वाढतेय, बीजाणू तयार करतेय; तिला दुसरं काही करायला सवड नाही. विष यायला अजून दोन आठवडे आहेत. तेवढे दिवस तुम्ही आतच राहा, कारण मला वाटतं संपूर्ण गोष्टीत बघण्यासारखं काही असेल तर ते हेच.

झड उघडते. झाड पिकायला लागतं, वरून येणारा रस आटतो. आजूबाजूला फॉस्फेट कमी पडू लागतं. बुरशी वाढ थांबवते आणि तिचे सैल तंतू एकमेकांत घट्ट विणले जाऊन दाण्याच्या जागी एक टणक, टोकदार, तपकिरी-काळी गाठ तयार होते. आणि आता, वाढ थांबल्यावर, तिच्या आत एक वेगळंच काम सुरू होतं. ट्रिप्टोफॅन हे साधं अमिनो आम्ल घेतलं जातं, एक विकर त्याला पाच कार्बनांची शेपटी जोडतं. दुसरं विकर ती वळवतं, तिसरं कडी बंद करतं. आधी चॅनोक्लॅव्हिन, त्यापासून ॲग्रोक्लॅव्हिन, त्यापासून एलिमोक्लॅव्हिन. या प्रत्येक टप्प्याचं जनुक बुरशीच्या गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारी आहे. सुगीला निघणाऱ्या घराने विळा, दोर, पाटी एकाच कोनाड्यात ठेवावी तशी ही जनुकं एकत्र ठेवलेली असतात. एक हाक दिली की सगळी एकदम कामाला लागतात. जगण्यासाठी रोज लागणारी साखर, प्रथिनं, चरबी बनवणारी जनुकं बहुतेक विखुरलेली असतात. ही मात्र एका जागी.

जगायला रोज न लागणाऱ्या अशा पदार्थांना शास्त्रात दुय्यम चयापचयाचे पदार्थ म्हणतात. दुय्यम म्हणजे बिनकामाचे नव्हेत. ही गाठ आता जमिनीवर पडणार, पुढच्या पावसाळ्यापर्यंत मातीत राहणार. तिला पळता येत नाही. किडा, उंदीर, गुरं, कुणीही तिला खाऊ शकतं. खाणाऱ्याला मळमळ व्हावी, त्याने पुन्हा तोंड लावू नये, यासाठी हे रसायन असावं असं संशोधकांना वाटतं. माणसासाठी ते बनलेलंच नाही. माणूस या पंगतीला फार उशिरा आला.

किती उशिरा? एक उडी घ्या, साधारण दहा कोटी वर्षं मागे. पायाखाली बालाघाटचा काळा पाषाण नाही. दख्खनचा लाव्हा वाहायला अजून सुमारे साडेतीन कोटी वर्षं आहेत. भारताची भूमी अजून मादागास्करला चिकटून दक्षिणेत आहे. दूर, आजच्या म्यानमारच्या जंगलात, एका गवताच्या फुलोऱ्यावर झाडाचा डिंक ओघळतो आणि तो फुलोरा त्यात अडकतो. त्याच्या टोकावर अरगटाच्या कुळातली एक काळी गाठ आहे. २०१५ मध्ये जॉर्ज पॉइनार आणि सहकाऱ्यांनी हा अंबरचा तुकडा जगापुढे आणला, त्यातल्या बुरशीला पॅलिओक्लॅव्हिसेप्स असं नाव मिळालं. गवत आणि हा सोबती एवढे जुने आहेत.

तिथून निजामाच्या राज्यात या. बीड अजून हैदराबाद संस्थानात आहे, वर्ष एकोणिसशे तीसच्या आसपासचं. वाड्याच्या अंगणात पेव उघडलंय. तोंडावरची माती, दगड बाजूला केलेत, पण कुणी लगेच आत उतरत नाही. आधी दोरीने कंदील सोडतात. तो विझला तर आतली हवा मारक आहे. पेवात घाईने उतरलेली माणसं परत आली नाहीत हे इथं पोराटोरांनाही ठाऊक असतं. कंदील तेवत राहतो आणि तुम्ही खाली उतरता. मधली ज्वारी कोरडी, पिवळसर. भिंतीला लागलेली मात्र ओलीने गोळा झालेली, हिरवट-काळी, कुबट वासाची. इथल्या बुरश्या वेगळ्या, ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमच्या कुळातल्या, पण रीत तीच: वाढ अडली की रसायनं सुरू. वाड्यातली म्हातारी वरून ओरडते, "कडंची येगळी काढा रे, मदल्यात मिसळू नगा!" तिला बुरशीचं नाव माहीत नाही, काय करायचं ते माहीत आहे. चांगल्या सालात कडेची ज्वारी गुरांपुढे जाते. दुष्काळात ती कुणाच्या तरी भाकरीत जाते, आणि ते कुणाच्या हे गावात कुणाला विचारावं लागत नाही.

याच सुमाराला एक मराठी माणूस कणसावरच्या मधाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहतोय. एस. एल. आजरेकरांनी ज्वारीवरच्या या रोगाचा अभ्यास १९२६ मध्ये भारतीय वनस्पतिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापला. आपल्या ज्वारी-बाजरीच्या रानात या कुळातल्या बुरशीची शास्त्रीय नोंद करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांमध्ये त्यांचं नाव आहे. ते आज फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता १९५६. एक नोव्हेंबरला मराठवाड्याचे जिल्हे, बीडसकट, मुंबई राज्यात आलेत. तुम्ही त्याच राज्याच्या दक्षिण भागातल्या एका गावात, पहाटेच्या अंधारात, जात्याशेजारी बसला आहात. सासू-सून समोरासमोर बसून बाजरी दळतात. पीठ करडं पडतंय. बाजरीचं पीठ करडंच असतं, आणि घात तिथेच आहे. गव्हाच्या किंवा शाळूच्या पांढऱ्या पिठात काळा दाणा लगेच डोळ्यांत भरला असता. इथे तो दळला गेला की दिसेनासा होतो. भाकरी थापली, भाजली, तव्याच्या धगीने विष काही पुरतं जात नाही. लेकरांनी खाल्ली, रानात जाणाऱ्यांनी फडक्यात बांधून नेली.

दुपार व्हायच्या आत एकेक जण खाली बसतो. उलट्या, घेरी, डोळ्यांवर न आवरणारी झापड. अख्खं घर आडवं, मग शेजारचं. कुणी पाणी बदललं म्हणतं, कुणी बाहेरची बाधा. सून सासूला कवेत धरून विचारते, "आत्याबाई, वास कशाचा आला का भाकरीला?" वास कशाचाच नव्हता.

१९५६-५७ च्या या साथीचा अहवाल पटेल, बोमन आणि दलाल यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. अरगट लागलेली बाजरी खाऊन माणसं आजारी पडली, हे त्यात नोंदलं गेलं. पुढे १९७५ मध्ये राजस्थानातही असंच झालं. मळमळ, उलटी, घेरी, गुंगी. एक-दोन दिवसांत माणसं सावरतात.

सावरतात, ही किती मोठी गोष्ट आहे ते कळायला मध्ययुगातल्या फ्रान्सकडे नुसती नजर टाका. तिथे राय या धान्यावरचा अरगट पोटात गेला की रक्तवाहिन्या आवळत, हातापायांची आग होई, बोटं काळी पडून गळत. लोक त्याला संत अँथनीची आग म्हणत. मग बाजरीच्या अरगटाने आपल्या माणसांचे हातपाय का शिल्लक ठेवले? उत्तर २००७ मध्ये मिळालं. दोन्ही बुरश्यांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा दिसलं की बाजरीवरच्या बुरशीत ही वाट एलिमोक्लॅव्हिनपाशी थांबते. पुढच्या, लायसर्जिक आम्लाकडे आणि त्याहून गुंतागुंतीच्या अल्कलॉइडांकडे नेणाऱ्या टप्प्यांची जनुकं उत्क्रांतीच्या प्रवासात निकामी झालीत. बुरशीच्या एका गुणसूत्रावरची ही मोडतोड, आणि तिच्यामुळे त्या गावातल्या लोकांचे हातपाय वाचले.

पण थांबा, गोष्टीची दुसरी बाजूही याच मोडतोडीत आहे. रायच्या अरगटात पुढचे टप्पे शाबूत आहेत म्हणूनच त्यातून १९३५ मध्ये अर्गोमेट्रिन वेगळं काढता आलं. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळलं नाही आणि रक्त थांबेना, तर त्याच्याच जवळच्या मिथाइलअर्गोमेट्रिनची सुई आजही देशभरातल्या प्रसूतिगृहांत देतात. बोटं गळवणारी आवळ आणि आईचा जीव वाचवणारी आवळ, दोन्ही एकाच घराण्यातल्या रेणूंची. बाजरीच्या अरगटात हे औषध मिळणार नाही. त्याचं ॲग्रोक्लॅव्हिन दूध आटवतं. आफ्रिकेत ऱ्होडेशियामध्ये अरगटाची बाजरी खाल्लेल्या डुकरिणींना पिलांपुरतंही दूध उतरेना, ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आलं. हे रेणू आपल्या शरीरात एवढे शिरकाव करतात कारण त्यांचं मूळ ट्रिप्टोफॅन, आणि मेंदू-आतड्यांत निरोप पोचवणारं आपलं सेरोटोनिनही त्याच ट्रिप्टोफॅनपासून बनतं. आकार इतका मिळताजुळता की शरीर फसतं.

त्याच वर्षांत रहा, फक्त पुण्याकडे सरका. पिंपरी अजून गावच आहे. तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झालाय, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, आणि १९५५ पासून पेनिसिलीन तयार होतंय. स्वतंत्र भारताचं पहिल्या सरकारी औषध कारखान्याचं हे स्वप्न. तुम्ही उंच पोलादी टाकीच्या काचेतून आत पाहता. हवा बुडबुडतेय, करडा रस्सा ढवळला जातोय, त्यात पेनिसिलियमचे तंतू. सुरुवातीला बुरशी ग्लुकोजवर झपाट्याने वाढते आणि पेनिसिलीन जवळपास देत नाही. ग्लुकोज संपून वाढ मंदावली की तीन अमिनो आम्लं एका साखळीत जोडली जातात, साखळी वळून चौकोनी कडी बनते आणि औषध रश्शात उतरू लागतं. म्हणून त्या काळी टाकीत लॅक्टोज घालत. ते बुरशीला हळू पचतं, म्हणजे ती उपाशीही मरत नाही आणि सुस्तावून फुगतही नाही. आष्टीच्या रानात रस आटल्यावर जे झालं, तेच इथे माणसं जाणूनबुजून घडवतायत.

पेनिसिलीन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. आपल्या पेशींना तसली भिंतच नाही, म्हणून ते आपल्याला औषध. ॲग्रोक्लॅव्हिन ज्या कुलपात बसतं ते कुलूप आपल्या मेंदूत आहे, म्हणून ते विष. बुरशीकडून पाहिलं तर फरक नाही. हे नुसतं म्हणायला नव्हे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जिन वू बोक आणि नॅन्सी केलर यांना ॲस्परजिलसमध्ये लाएए नावाचं जनुक सापडलं. ते काढून टाकलं तर बुरशी जगते, वाढते. पण अफ्लाटॉक्सिन या विषाच्या आधीच्या टप्प्यातलं स्टेरिग्मॅटोसिस्टिन हे विष थांबतं आणि त्याबरोबर पेनिसिलीनही थांबतं. विषाचा आणि औषधाचा खटका एकच.

आता १९६५ च्या पुढच्या सालांत बीडकडे परत चला. लुधियानाहून आलेलं एचबी-१ हे संकरित बाजरीचं वाण देशभर पसरतंय. त्याचं मादी वाण अमेरिकेतल्या जॉर्जियाचं. उतारा भरघोस, कणसं एकसारखी. पण सगळं रान एकाच वेळी फुलोऱ्यात येतं. जुन्या गावरान बाजरीत आगंमागं फुलणारी ताटं असत, आधी फुललेल्याचा पराग मागच्याला मिळे. संकरितात सगळ्या कुक्षी एकदम उघड्या आणि पराग नंतर. झड नेमकी त्या दिवसांत आली की अरगट शेतभर. बाजरीवरच्याच गोसावी या दुसऱ्या रोगाचा तडाखा तर त्याहून मोठा बसला. संकरित बाजरीने पोटं भरली, हे खरंच आहे. पण रानातला तो आगंमागंपणा किती कामाचा होता, हे तो गेल्यावर कळलं.

१९७२ च्या दुष्काळात तुम्हाला एकही मधाचा थेंब दिसणार नाही. दवही नाही. खडी फोडणाऱ्या बाया, सुकडीची रांग, रेशनवर मिलोची लाल ज्वारी. अरगट ओल्या सालाचा. पण कोरड्या सालाची स्वतःची बुरशी आहे. तापलेल्या, भेगाळलेल्या मातीत भुईमुगाची शेंग पाण्याला आसुसते, तिची स्वतःची बचावाची रसायनं आटतात, किडीने टरफल फोडलं की ॲस्परजिलस फ्लेव्हस आत शिरतो आणि अफ्लाटॉक्सिन बनवतो. याला चव नाही, शिजवून ते जात नाही. यकृत त्याला बाहेर टाकायला जातं आणि त्याच प्रयत्नात त्याला असं रूप देतं की ते थेट पेशीच्या डीएनएला चिकटतं. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात, बुरशी लागलेला मका खाऊन, शंभराहून अधिक माणसं कावीळ होऊन दगावली. तीही आदिवासी, हाताला दुसरं धान्य नसलेली. घरच्या कुत्र्यांनीही तेच खाल्लं होतं, तीही मेली. माणसांना तो मका वाईट आहे हे दिसत नव्हतं असं नाही. दुसरा नव्हता.

बीडसारख्या जिल्ह्याला दोन्ही सालं येतात, कधी एकाच वर्षात: जूनमध्ये ओढ, सप्टेंबरात धो-धो. पेरणी लांबली की फुलोरा नेमका उशिराच्या पावसात सापडतो. म्हणून इथे धान्य निवडणं हे कधीच फावल्या वेळेचं काम नव्हतं. खळ्यावर वावडीवर उभं राहून उफणणारा गडी हलकं वाऱ्यावर सोडतो. अरगटाची गाठ दाण्यापेक्षा हलकी असते, तिच्यातला बराच भाग तिथेच जातो. उरलेलं सुपात. सूप पाखडणाऱ्या बाईचं मनगट ज्या लयीत हलतं त्यात काळं टोकदार पुढे येतं आणि ती ते चिमटीने टिपते. मळणीयंत्र आलं, गिरणी आली, वेळ कमी झाला. चिमटी मात्र अजून सुटलेली नाही.

शेवटची उडी छोटी आहे, सुरुवातीच्या त्या ऑगस्टनंतरच्या जूनपर्यंत. पाटोदा तालुक्यातल्या एका घराच्या ओट्यावर प्लॅस्टिकचा टब ठेवलाय. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवलंय. घरातली मोठी मुलगी त्यात बाजरीचं बियाणं ओतते आणि हाताने ढवळते. चांगला दाणा तळाला बसतो. पोचट दाणे आणि अरगटाच्या गाठी वर येतात. ती त्या चहाच्या गाळणीने काढून पत्र्याच्या डब्यात टाकते.

"हे कोंबड्याला टाकू का गं?" धाकटा विचारतो.

"नगं. जाळायचंय."

मग ती मिठाचं पाणी निथळते, तळाचं बियाणं साध्या पाण्याने दोन-तीनदा धुते, कारण मीठ राहिलं तर उगवण मार खाते, आणि सावलीत पोत्यावर पसरते. वडील तिकडे रानात आहेत. त्यांनी उन्हाळ्यात खोल नांगरट केलीय, मागच्या साली गळालेल्या गाठी खोल गाडल्या जाव्यात म्हणून. ज्या वरच राहिल्या असतील त्यांना पावसाची ओल लागली की बारीक देठ फुटतील, देठाच्या टोकाला गोल डोकी येतील आणि बाजरी निसवायच्या सुमाराला त्यांतून बीजाणू हवेत सुटतील. बियाणं दुपारपर्यंत वाळेल. पेरणी उद्या सकाळी.